पुढचं अक्षर सांगू नकोस

१२ नोव्हेंबर

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. तू मोठी, भावोजी त्याहून मोठे, आई-बाबा सगळ्यांहून मोठे, आणि सध्या सगळे एकाच घरात, तेव्हा नमस्कार एकच घालतो, आपापसांत वाटून घ्या. पोरांना गोड पापा.

मी मजेत आहे. वेळेवर जेवतो. स्वेटर घालतो. तुझ्या व्हॉइस मेसेजमधल्या पहिल्या मिनिटाची उत्तरं झाली. उरलेल्या मिनिटांचं नंतर बघू.

मामा हाताने पत्र लिहून त्याचे फोटो पाठवतो म्हणून भाचेसाहेब हसतात असं कळलं. हसू दे. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे, आणि कागदावर मी कसा सुसाट सुटतो तेही. आई अजून म्हणते का गं, 'कार्टं मोठ्या बहिणीला साधं ताई म्हणत नाही, ए काय, ए'? तिला हे पत्र दाखव. वरच लिहिलंय, ताई.

आता बातमी. बसून घे. मला नोकरी लागली! आणि कसली, ते ऐकलंस तर बसलेली उठशील. बोलायची नोकरी!

झालं असं. कॉलेजला लांबलचक सुट्टी लागली म्हणून रोजगार कचेरीत गेलो. मला गोदामात खोकी भरायचं काम हवं होतं. तिथे एक पट्टा असतो, एक खोका असतो आणि दोघांनाही आपल्याशी बोलायचं नसतं. आरशासमोर उभा राहून वाक्य घोकून गेलो होतो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, 'काय काम हवंय?' आणि माझी गाडी पहिल्याच शब्दाला बंद पडली. तोंड उघडं, मान वाकडी, डोळे मिटलेले. तो अवतार तुला पाठ आहे. बाईंना राहवेना. पुढ्यातला कागद बघत त्यांनीच विचारलं, 'संस्थेसाठी घरोघरी जाऊन देणगीदार मिळवायचं का? हंगामी आहे, माणसं लगेच हवी आहेत.'

आणि मी मान हलवली.

तुला माहीत आहे माझी मान. समोरच्याने वाक्य पुरं केलं की ती आपोआप हलते, वाक्य बरोबर असो नाहीतर चूक. एकदाची सुटका झाली की झालं. बाहेर आल्यावर हातातला कागद वाचला तेव्हा पायाखालची जमीन सरकली. रात्रभर ठरवत होतो, सकाळी जाऊन नाही म्हणायचं. पण नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतंच की! त्यापेक्षा कामावर जाणं सोपं वाटलं.

तर आता मी पिवळं जॅकेट घालतो, गळ्यात फोटोचं कार्ड अडकवतो, आणि दुपारी एक व्हॅन आम्हाला एखाद्या वस्तीच्या तोंडाशी सोडून जाते. ओळीने घरं. बेल दाबायची, दोन पावलं मागे सरकायचं, हसायचं. आमची संस्था घरीच अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांकडे नर्स पाठवते, फुकट. थंडीत आजारी माणसं वाढतात, म्हणून देणगीची मोहीमही याच दिवसांत. लोकांनी दरमहा थोडी रक्कम द्यायची, आम्ही दारातच त्यांची नोंद करून घ्यायची.

आमच्या तुकडीची प्रमुख एक दांडगी बाई आहे. मनातल्या मनात मी तिला हेडबाई म्हणतो. बोलते कमी, बघते जास्त. माझा जोडीदार पोपट. त्याला सगळं भाषण तोंडपाठ आहे. बेल वाजली की तो सुरू आणि दार बंद झालं की तो बंद. दार मात्र फार लवकर बंद होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, याची ही गत, तर माझं काय होणार?

ताई, माझी दारं बंदच होत नाहीत! अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडावर दार आपटायचा कोडगेपणा लोकांत नाही. उभे राहतात बिचारे. कुणी हातातलं भांडं खाली ठेवतं, कुणी आत ओरडतं, 'जरा थांबा, इथे एकजण बोलतोय.' एका सुतारदादांनी तर मला बसायला स्टूल आणून दिलं! मी बोलत होतो, ते उंबऱ्यावर रंधा घेऊन उभे होते. शेवटी म्हणाले, 'लिही बाबा माझं नाव, पण आता घरी जा आणि पाणी पी.' आठवडा संपला तेव्हा, कुणी किती देणगीदार मिळवले त्या फळ्यावर माझं नाव पोपटाच्या वर होतं. व्हॅनमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जॅकेट डोक्यावर ओढून घेतलं, इतका लाजलो.

एका बाबतीत मात्र हेडबाईशी माझं जमत नाही. ती म्हणते, 'दार उघडल्याबरोबर सांगून टाक की तू अडखळतोस, म्हणजे लोक मध्ये पडणार नाहीत.' ते काही व्हायचं नाही. आपल्या घरात हा विषय कुणी काढत नाही, तो मी परक्याच्या दारात काढू?

स्थळाबद्दल विचारलं होतंस. पुढच्या वेळी लिहितो, आता व्हॅनची वेळ झाली.

तुझा,
चक्क बोलून पोट भरणारा भाऊ


२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. सगळे बरे आहात हे मेसेजवरून कळलं. बाबांनी नवा चष्मा हरवला हेही कळलं. आईचा पार्श्वसंगीताचा आवाजही ऐकू आला.

तू म्हणालीस, 'आमचा वाघ!' मेसेज मी पुन्हा पुन्हा ऐकला. आता वाघाची फजिती ऐक. हसलीस तरी चालेल. मला त्या दिवशी हसू येत नव्हतं, आज जरा जरा येतंय.

आमच्याकडे रीत अशी आहे की नवीन देणगीदाराला ऑफिसातून फोन जातो. आभार मानायचे, आणि सगळं नीट समजलंय ना, हे विचारायचं. परवा हेडबाईने मला व्हॅनच्या मागे बोलावलं. माझ्या यादीतल्या एक बाई फोनवर म्हणाल्या होत्या, 'हो हो, कुत्र्यांसाठी ना? दिलेत मी. फार चांगलं काम करता.'

कोण त्या, ते मला लगेच आठवलं. निळ्या दाराचं घर. बाईंच्या पायाशी एक म्हातारं कुत्रं बसलेलं. मी नेहमीसारखा मुख्य शब्दालाच अडकलो, आणि इतका वेळ अडकलो की कुत्रंसुद्धा उठून माझ्याकडे बघायला लागलं. बाई म्हणाल्या, 'बेवारशी कुत्र्यांसाठी ना?' आणि माझी मान...

हेडबाईने विचारलं, 'कुत्र्यांसाठी, असं तू त्यांना म्हणालास?'

मी म्हटलं, नाही, त्याच म्हणाल्या. मी फक्त मान हलवली.

'मग तूच म्हणालास.'

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने शांतपणे दोन वाटा सांगितल्या. ऑफिस बाईंना माफीचं पत्र पाठवेल, देणगी रद्द करेल, आणि मला आत पाकिटं भरायच्या खोलीत बसवेल. पगार तोच. 'तिथे बोलावं लागत नाही,' असंही म्हणाली. किंवा मी स्वतः त्या दारात जाऊन सगळं सांगायचं, आणि फिरतीवर राहायचं.

ताई, पाकिटांची खोली मी पाहून आलो. हीटर आहे. लांब टेबल आहे. दोन आज्या मान खाली घालून चिकटवत बसतात आणि एक शब्द बोलत नाहीत. मला हवं होतं ते सगळं होतं तिथे. दारात उभा राहिलो आणि आत पाऊलच टाकवेना. बोलायची नोकरी सुटतेय म्हणून मला वाईट वाटत होतं. मला! मागच्या जन्मी तरी असं कधी झालं असेल का?

उद्या त्या दारात जाणार आहे. हेडबाईला सांगून टाकलंय.

गंमत बघ, तेव्हापासून मी माझ्या मानेचाच हिशेब मांडत बसलोय. तुला आठवतं, कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडे आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फ्रॉकचं टोक धरून तुझ्यामागे उभा होतो? मला आंबा हवा होता. निघेना. तू म्हणालीस, 'पिस्ता ना रे?' आणि मी मान हलवली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तू पिस्ता आणतेस. लग्नानंतरसुद्धा, सासरहून, बर्फात गुंडाळून. मला पिस्ता अजिबात आवडत नाही गं.

हे लिहून फार हलकं वाटलं. रागावू नकोस. तू माझ्यासाठी बोललीस म्हणून तर मी शाळेत टिकलो, दुकानातून वह्या आल्या, पोरांनी मला मारलं नाही. तू नसतीस तर मी आजही त्या कोपऱ्यावर तोंड उघडं ठेवून उभा असतो. पण पिस्ता तो पिस्ताच.

तुझा मेसेज पुन्हा ऐकला. येत्या रविवारी मुलीकडचे सगळे व्हिडिओ कॉलवर येणार, तू आपल्या घरून माझ्या बाजूने बोलणार, 'तुला फक्त हसायचंय,' वगैरे. मी अंगठा पाठवला होता. एक विचारायचं होतं. त्यांना तू माझ्याबद्दल नेमकं काय सांगितलंयस?

तुझा,
वाघ (सध्या शेपूट पायात)


२८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार बिमस्कार सगळं आलं. हे पत्र घाईघाईत लिहितोय, अक्षर वाकडं झालं तर सांभाळून घे.  आधी सगळं वाच. मध्ये थांबून मला मेसेज करू नकोस, शपथ आहे तुला.

निळ्या दारात गेलो. हेडबाई फाटकाबाहेर थांबली, आत आली नाही. बेल दाबली, दोन पावलं मागे सरकलो. बाई बाहेर आल्या, कुत्रंही आलं. आणि मी आधी तेच बोललो जे कधी बोलणार नव्हतो. म्हटलं, 'मी अडखळतो. मला वेळ लागतो. कृपा करून माझं वाक्य पुरं करू नका.' हे सांगतानासुद्धा अडखळलोच म्हणा.

बाई थांबल्या. खरंच थांबल्या. मी सांगितलं की पैसे कुत्र्यांसाठी नाहीत, आजाऱ्यांच्या नर्ससाठी आहेत. तुम्ही कुत्रे म्हणालात तेव्हा मी सुटका करून घ्यायला मान हलवली, चूक माझी आहे. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मध्ये त्यांचे ओठ हलले, शब्द अगदी तोंडाशी आला होता त्यांच्या, पण त्यांनी तो गिळला. मी शेवटपर्यंत बोललो. पूर्णविरामापर्यंत!

त्या म्हणाल्या, 'सांगितलंस ते बरं केलंस. पण मला कुत्र्यांनाच द्यायचे आहेत. तुमच्या संस्थेला नको.'

ताई, त्या चक्क नाही म्हणाल्या! मी फाटकाकडे धावत गेलो आणि हेडबाईला सांगितलं, नाही म्हणाल्या, नाही म्हणाल्या! तिला वाटलं मला वेड लागलं. पण विचार कर. आजवर लोकांनी मला हो म्हटलं ते दयेपोटी, किंवा माझ्या नव्हे, त्यांच्याच वाक्याला. इथे एका माणसाने माझं बोलणं मी बोललो तसं ऐकलं आणि त्याला नकार दिला. माझ्या बोलण्याला! असला नकार मी फ्रेम करून लावीन.

यादीतून एक नाव गेलं, पोपट पुन्हा माझ्या वर चढला. त्या दिवशी पुढच्या प्रत्येक दारात मी आधी सांगितलं, मी अडखळतो, थांबा. काही थांबले, काहींनी दार लावून घेतलं. लावू दे. पोपटाच्या तोंडावर लावतात तसंच माझ्याही लावलं. तू समजू शकतेस ना, मला ते किती आवडलं?

आता स्थळाचा विषय. तुझं उत्तर आलं: 'काही वाईट सांगितलं नाही रे, मितभाषी आहे म्हटलं, कामात गढलेला असतो म्हटलं. लग्न झाल्यावर कळेल हळूहळू, तोवर माणूस म्हणून तू आवडलेला असशील.' तुझ्या आवाजात एक कापरा सूर होता. तूही घाबरली होतीस, हो ना? मागचं स्थळ माझा आवाज ऐकून परत गेलं तेव्हा माझ्यापेक्षा जास्त तू रडली होतीस. आईने मला नंतर सांगितलं.

पण ताई, हे पुन्हा कुत्रेच झाले. तू त्यांना मितभाषी म्हणालीस आणि मी काही न विचारता अंगठा दाखवला. तिकडे एक मुलगी भलत्याच माणसासाठी नाव नोंदवून बसली आहे.

म्हणून काल मी तिला फोन केला.

वाच पुढे. श्वास घे आणि वाच.

आम्ही मेसेजवर बोलत होतोच. तिथे मी भलता बोलका. तिने दोनतीनदा विचारलं, फोन करू का? मी कधी मीटिंगमध्ये, कधी रेंज नाही, कधी बॅटरी संपली. काल दुपारी, व्हॅन यायच्या आधी, बसस्टॉपच्या बाकावर बसून नंबर लावला. तिने उचलला. 'हॅलो?' मी बंद. 'हॅलो?' मी बंदच. तिसऱ्यांदा हॅलो म्हणाली आणि मला वाटलं, आता ठेवणार. तेवढ्यात निघालं. 'मी अडखळतो. ताईने सांगितलं नाही. वाक्य पुरं करू नका.'

 मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

मग ती म्हणाली, 'म्हणून फोन घेत नव्हतात होय? मी तर रविवारी नाही म्हणून सांगणार होते. मला वाटलं, हा माणूस एकतर गर्विष्ठ आहे, नाहीतर याला जबरदस्तीने उभा केलाय. गप्प नवरा नको आहे मला. आमच्या घरी बाबा गप्प आहेत, पुरेसं आहे तेवढं.'

मी विचारलं, 'आणि अ... अडखळणारा?' या एका शब्दाला इतका वेळ लागला की स्टॉपवर एक बस येऊन गेली. ती थांबून राहिली. मध्ये एकदाही पडली नाही. म्हटलं, तुम्हाला कंटाळा नाही आला?

तुला आठवतंय ना, ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते? म्हणाली, 'माझं कामच ते आहे हो. माणूस त्या तक्त्यासमोर बसतो आणि एकेका अक्षराला वेळ घेतो. पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा मला दया यायची, मी पुढचं अक्षर सांगून टाकायचे. मग नंबर चुकायचा आणि तो माणूस वर्षभर चुकीचा चष्मा घालून फिरायचा. आता मी पुढचं अक्षर कधीच सांगत नाही.'

ती हो म्हणाली नाही, ताई. घोड्यावर बसू नकोस, हॉल बघू नकोस. म्हणाली, रविवारी तुम्ही स्वतः बोला, मग बघू. तिच्या आई-बाबांना ती आधी काही सांगणार नाही. म्हणाली, 'ते तुमचं वाक्य आहे.'

तर रविवारी मी बोलणार आहे. कॉलच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगणार आहे. कदाचित तिचे आई-बाबा नको म्हणतील. कदाचित तीही म्हणेल, आणि मग मी घरी येऊन तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडेन, तेव्हा थोपटायला तूच लागशील. पण ते माझ्या बोलण्याला नको म्हणतील, मितभाषी माणसाला नाही.

तू तिकडून कॉलवर बस. तू नसलीस तर मला बोलताच येणार नाही. मी अडकेन. नक्की अडकेन, आणि वाईट अडकेन. भावोजी छताकडे बघतील, आई पदर तोंडाला लावेल, आणि तुझ्या जिभेवर शब्द येईल. तुला तो माझ्याआधी येतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तो गिळ. तुला आजवर एवढं अवघड काम कुणी सांगितलं नसेल.

आणि एक राहिलं. आईला सांग, मी तुला 'ए' म्हणायचो ते उर्मटपणाने नव्हे. तो 'ता' माझ्याच्याने कधी निघालाच नाही. लहानपणी तुझ्या खोलीच्या दारात उभा राहून मी तो काढायचा प्रयत्न करायचो, आणि तू वळून म्हणायचीस, 'काय हवंय रे, पाणी?' मी मान हलवायचो. किती पाणी प्यायलोय मी तुझ्या हातचं!

रविवारी त्यांचा कॉल लागायच्या आधी मी तुला साधा फोन करणार आहे. उचल. पलीकडून काही ऐकू आलं नाही तर ठेवू नकोस. 'काय रे' म्हणू नकोस, 'रेंज नाही का' म्हणू नकोस, काहीच म्हणू नकोस. मी असेन तिथे.

मी तुला हाक मारत असेन.

तुझा,
धाकटा